हरीण, नर, नग एक

आमच्या ऑफिसच्या मागं मुद्देमालाची खोली आहे. जप्त केलेल्या कुऱ्हाडी, फासे, जाळी, दोन गंजक्या मोटारसायकली आणि दस्त्याला वाळवी लागलेली एक ठासणीची बंदूक. नेणारा कुणी येत नाही आणि टाकून द्यायचा आदेश निघत नाही, त्यामुळं ढीग वाढतच जातो. वनखात्यात नोकरी करणाऱ्याच्या डोक्यात किस्से असेच साठतात.

मी सरवदे, वनरक्षक. अकरा वर्षं झाली या खात्यात. सोलापुरात आमच्या वस्तीत माझ्या आईला अजून वाटतं की मी वाघाच्या मागं पळते. आमच्याकडं वाघ नाही. आमच्याकडं माळ आहे, माळावर काळवीट आहेत, आणि काळवीट मारायची परवानगी मागणारी माणसं आहेत. त्यातली माणसं सगळ्यात जास्त.

प्रश्न सगळ्यांचा एकच. "मॅडम, जंगलात नाही मारत हो, माझ्या स्वतःच्या जमिनीत मारणार. मग काय हरकत आहे?"

उत्तरही एकच. जमीन कुणाचीही असो, हरीण मारता येत नाही. पाठलाग करता येत नाही, फासा लावता येत नाही, आणि नेम धरून चुकलात तरी तो गुन्हाच. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या जागी 'नाही' म्हणायचं तेवढं बाकी आहे.

*

एकदा एक पाहुणे आले. मूळचे मंगळवेढ्याकडचे, आता कायमचे अमेरिकेत. डोक्यावर टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आल्या आल्या त्यांनी आमचे क्लार्क बिराजदार यांना विचारलं, "लायसन्स फी कुठं भरायची?"

बिराजदार म्हणजे तोंडात सुपारी, समोर रजिस्टर आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवायची सिद्धी. त्यांनी पाहुण्यांना खुर्ची दिली. "कसलं लायसन्स?"

"डिअर हंटिंगचं. इकडं माझी वडिलोपार्जित चाळीस एकर आहे. तिकडं मी दरवर्षी रीतसर लायसन्स काढतो. सीझनला ठराविक मारायला अलाउड असतात."

बिराजदारनं चहा मागवला. बंदूक कुठली, सोबत कोण असतं, मांसाचं काय करता, सगळं आस्थेनं विचारलं. पाहुणे एकदम खूश. सरकारी ऑफिसात इतकी आपुलकी त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. उत्साहाच्या भरात त्यांनी मोबाईल काढून मारलेल्या हरणाशेजारचा स्वतःचा फोटो दाखवला. तेवढ्यात आमचे रेंजर साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट बघितला.

"हा कुठला?"

"टेक्सासचा."

साहेबांनी मोबाईल परत दिला. "आमच्या हद्दीबाहेर आहे. म्हणून चहा पिऊन जा."

पाहुण्यांचा चेहरा उतरला. तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, "पण मग इकडं सीझन कधी असतो?"

बिराजदारनं सुपारी गालात सरकवली. "बारा महिने असतो साहेब. फक्त शिकार आम्ही शिकाऱ्याची करतो."

*

पण हे हौशी लोक झाले. भीमाण्णांचं तसं नव्हतं.

मंद्रूपच्या पुढं माळाला लागून अण्णांची पाच एकर. बाकीचे लोक फोन करतात, अण्णा समक्ष येतात. कार्तिक लागला की दर सोमवारी अण्णा आमच्या बाकड्यावर. हातात अर्ज, विषय दरवर्षी तोच: 'माझ्या स्वतःच्या मालकीच्या शेतात येणारी हरणे मारण्याची परवानगी मिळणेबाबत'. सोबत सातबारा.

"म्याडम, ही जमीन कुनाची?"

"तुमची, अण्णा."

"हरबरा कुनाचा?"

"तुमचा."

"आन हरीण?"

"सरकारचं."

"मग सरकारचं जनावर माज्या रानात चरतंय, तर सरकारनं मला इचाराय नको व्हय?"

यावर मी नुकसानभरपाईचा फॉर्म पुढं करायची. अण्णा तो घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "मिळती की भरपाई. पर हरबरा खाऊन झाल्यावर."

बिराजदारना अण्णांची फार कणव. एकदा त्यांनी अर्धा दिवस घालवून सगळे जीआर उपसले. "अण्णा, हे बघा. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायची अटी-शर्तींवर परवानगी मिळू शकते. तुमच्याकडं डुकरं आहेत का?"

"न्हाईत."

"एखादं तरी?"

"न्हाय वो."

बिराजदारनं हळहळत फाईल मिटली. "डुकरं असती तर काम झालं असतं बघा."

अण्णांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मग कुटनं आनू काय?"

*

त्याच वर्षी एका सोमवारी मी अण्णांना चहा दिला आणि सरळ विचारलं, "अण्णा, खरंच मारणार का हो तुम्ही? बंदूक तरी आहे का?"

"बंदूक कुटली आलीय? परवानगी गावली तर बघू म्हनलं." आणि मग खरं काय ते सांगितलं.

अण्णांना एकच लेक, दिलेली वापीला. तिला मुलगी झाली. जावळ काढायचं तर बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नाही, म्हणून आज्याची मांडी. आदल्या वर्षी मार्गशीर्षातली तारीख धरली, नेमकी तेव्हाच कोवळ्या हरभऱ्याला हरणं लागली, आणि जावळ राहिलं. आता पोरीला तिसरं लागलं होतं. तिसरं सरायच्या आत काढायलाच हवं.

"केस डोळ्यात येत्यात पोरीच्या. फोनमधी दिसती की. आज्जा कवा येनार म्हनती."

"राखणीला दुसरं कुणी?"

"गडी समदे ऊसतोडीला. शेजाऱ्याला त्याचं रान हाय. आमी दोगंच. गंगव्वा डबा वाजिवती, मी गोफण मारतो. तिचं गुडगं गेल्यात, एकलीला जमत न्हाय. आन तिला ठिवून म्या जाऊन काय उपेग? नात तिचीबी हाय."

मला फार वाईट वाटलं. अण्णांना हरीण मारायचं नव्हतंच. त्यांना आठ दिवस मोकळे हवे होते, आणि आठ दिवस मागायचा अर्ज कुठल्याच खात्यात नाही. बिराजदारनं नेहमीप्रमाणं 'नामंजूर'चा शिक्का मारला, पण त्या दिवशी शाई जरा कमी लावली.

*

आता आमच्या साहेबांचा पराक्रम.

साहेब तेव्हा नवीनच आले होते. आले आणि दुसऱ्याच आठवड्यात खबर लागली की अक्कलकोट रोडला एका रिसॉर्टवाल्यानं फ्लेक्स लावलाय: 'खासगी जमिनीवर हरणाच्या शिकारीचा थरार! शनिवार-रविवार. कुटुंबासाठी खास सवलत.' साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. एका वार्ताहराला सोबत घेतलं आणि गाडी काढायला सांगितलं.

आमच्याकडं एक पद्धत आहे. धाडीला निघायच्या आधीच बिराजदार जप्तीचा फॉर्म टाईप करून ठेवतात. जागेवर लिहीत बसलं की अक्षर वाकडं येतं आणि पंच पळून जातात. त्यांनी लिहिलं: 'हरीण, नर, नग एक, स्थिती चांगली'. जास्त सापडली तर आकडा वाढवू म्हणाले.

आम्ही कुंपणावरून उड्या मारून आत गेलो, तर उसाच्या कडेला चार हरणं ओळीनं उभी. प्लायवूडची. समोर एक कुटुंब रबरी बाण मारत होतं. रंगवणाऱ्यानं शिंगं काळविटाची दिली होती, ठिपके चितळाचे आणि शेपटी बोकडाची. आमचे वनमजूर बिरूमामा धनगराच्या घरातले, जनावराची त्यांना पक्की पारख. ते खाली वाकून निरखून म्हणाले, "ताई, ही जात आपल्या हितली न्हाय."

पण वार्ताहराचा कॅमेरा चालू होता. रिकाम्या हातानं परत कसं यायचं? साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "एक घ्या. नमुना म्हणून." गाडीत मावतही एकच होतं. फॉर्मवर सह्या झाल्या, पंचांच्या झाल्या, आणि फॉर्म वरच्या ऑफिसला गेला. पेपरात साहेबांचा फोटो आला, मागं चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

दोन दिवसांनी साहेबांच्या लक्षात आलं. "बिराजदार, अहो, प्लायवूडचं आहे असं कुठंच लिहिलेलं नाही."

बिराजदार शांतपणे म्हणाले, "साहेब, फॉर्ममध्ये 'कशाचं' असा रकानाच नाही."

*

महिन्याभरात वरून पत्र आलं: 'जप्त हरणाच्या चाऱ्यापाण्याची काय व्यवस्था केली, ते कळवावे.'

मी म्हटलं, "साहेब, खरं काय ते सांगून टाका."

"सरवदे, फोटो आलाय पेपरात. माझ्या सासऱ्यांनी फ्रेम करून लावलाय."

मग बिराजदारनं उत्तर लिहिलं. खोटं एक अक्षर नाही: 'सदर प्राणी चारा घेत नाही.'

उलट टपाली पत्र: 'प्राणी चारा घेत नसल्याची बाब गंभीर आहे. तात्काळ पशुवैद्यकीय तपासणी करून घ्यावी.'

डॉक्टर आले. मुद्देमालाच्या खोलीत गेले. आतून टकटक असा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी हात धुतले, चहा घेतला, आमच्याकडं एकेकाकडं बघितलं आणि काही न विचारता लिहून दिलं: 'प्राणी अत्यंत शांत आहे. ताप नाही. मागील पायास किरकोळ कीड आढळली. मोकळ्या हवेत ठेवणे हितावह.' बंदुकीची वाळवी हरणापर्यंत पोचली होती.

तिसरं पत्र लगेच आलं. प्राण्यास माळालगत, जमीनमालकाच्या संमतीने मुक्त करावे. मुक्त केल्यानंतर कर्मचाऱ्यांनी आठ दिवस जागेवर पूर्णवेळ थांबून निरीक्षण करावे व अहवाल पाठवावा.

साहेबांनी डोकं धरलं. मी मात्र 'आठ दिवस' आणि 'पूर्णवेळ' एवढंच परत परत वाचत होते. सोमवार होता. बाहेर बाकड्यावर अण्णा बसले होते.

"साहेब," मी म्हटलं, "जमीनमालक आलाय."

*

हरीण आम्ही जीपच्या टपावर बांधून नेलं. अण्णांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. शेपटी धरून बघितली.

"हे हरबरा खाईल काय?"

"नाही."

"मग सोडा."

हरभऱ्याच्या मधोमध खड्डा घेऊन ते उभं केलं. बिराजदारनं पंचनामा लिहायला घेतला. अण्णा जरा वेळ बघत राहिले, मग साहेबांच्या जवळ जाऊन म्हणाले, "सायेब, ह्याला तरी येक धोंडा घालू काय? लई वर्साची हौस हाय."

साहेब दचकले. "नको नको. कागदावर जिवंत आहे ते."

संमतीपत्रावर सही करताना अण्णांचा हात थांबला. "अट येक हाय. आठ दिस तुमी हितनं हलायचं न्हाय."

"अण्णा, आम्हाला हलताच येत नाही," मी म्हटलं. "वरून आदेश आहे. सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत मी आणि बिरूमामा इथंच."

अण्णांनी सही ठोकली. मग त्यांनी खोपटाकडं तोंड करून हाक दिली, "गंगव्वा, चीला तगो." कानडीत, पिशवी घे म्हणजे. गंगव्वा आतून आली ती पिशवी घेऊनच आली. भरून कधीची ठेवली होती कोण जाणे.

*

निरीक्षण काय करायचं होतं? प्लायवूड उभं होतं. आम्ही राखणीच्या माळ्यावर बसलो.

पहिल्याच सकाळी माळावरून खरी हरणं आली, पंधरा-वीस. बिरूमामांनी मेंढरं वळवताना घालतात तशी शीळ घातली. कळप थबकला, वळला आणि माळाकडं निघून गेला.

"ताई, हे निरीक्षण झालं का राखण?"

"मामा, बाहेरचा कळप आपल्या हरणाला त्रास देतोय. त्याला दूर ठेवणं आपलं काम आहे." मी तसंच वहीत लिहिलंही.

चौथ्या दिवशी कळपातला मोठा नर एकटाच आला. त्यानं आमचं हरीण बघितलं. आपल्या हद्दीत हा कोण उपटला म्हणून आधी खूर आपटले, मग लांबून चक्कर घेतली, मग मान खाली घातली आणि अशी धडक दिली की प्लायवूड आडवं. नर मागं सरून वाट बघत राहिला. ते उठेना. त्यानं जवळ जाऊन वास घेतला, आमच्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवून चालता झाला.

"जिकला," बिरूमामा म्हणाले, "पर त्याला मजा न्हाय आली."

सहाव्या दिवशी साहेब व्हिजिटला आले. नेमका तेव्हाच कळप दुसऱ्या बांधानं घुसला. आम्ही दोघं लांब. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, अण्णांची गोफण उचलली, दगड घातला आणि डोक्याभोवती फिरवली. दगड उलटा जाऊन आमच्याच जीपच्या काचेवर. पण आवाज असा झाला की हरणं पळाली ती दोन दिवस फिरकली नाहीत. काच फुटल्याचं कारण बिराजदारनं 'वन्यप्राणी संरक्षणादरम्यान' असं दाखवलं.

त्याच दुपारी माझ्या मोबाईलवर वापीहून व्हिडिओ आला. अण्णा नव्या पांढऱ्या टोपीत मांडी घालून बसलेले, मांडीवर नात, अर्धं डोकं भादरलेलं, भोकाड पसरलेलं. अण्णा तिला घट्ट धरून हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. मागून गंगव्वाचा आवाज, कानडीत, न्हाव्याला दम देणारा.

साहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग म्हणाले, "सरवदे, अहवालात लिहा. प्राणी अधिवासात रमला आहे, पिकाची नासाडी करत नाही, आणि जमीनमालक समाधानी आहे." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

*

यंदा कार्तिक लागला. पहिला सोमवार. अण्णा बाकड्यावर.

बिराजदारनं वर न बघताच अर्ज घेतला, सवयीनं 'नामंजूर'चा शिक्का शाईवर दाबला आणि उचलला. मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी अर्ज मला दिला, मी साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी मोठ्यानं वाचला.

'विषय: माझ्या स्वतःच्या मालकीच्या शेतात हरीण सोडणेबाबत.

महोदय, गेल्या साली आपल्या खात्याने सोडलेले हरीण फार गुणी निघाले. परंतु पावसाने व वाळवीने ते आता उभे राहू शकत नाही. तरी येत्या मार्गशीर्षात त्याच जागी दुसरे हरीण सोडण्यात यावे. निरीक्षण आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांचे करावे, कारण आम्ही उभयता श्रीशैलला जाऊ इच्छितो. गोफण खोपटात ठेवली आहे. साहेबांनी नेम थोडा डावीकडे धरावा.

सोबत: सातबारा.'

साहेबांनी अर्जाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. बाहेर अण्णा शांतपणे चहा बशीत ओतत होते.

"बिराजदार," साहेब म्हणाले, "त्या रिसॉर्टवाल्याला जरा फोन लावा. उरलेली तीन अजून उभी आहेत का, विचारा."